श्वासाचा पहारा : भूलशास्त्र आणि भूलतज्ज्ञ होण्याची वाट

गेल्या वर्षी शाळेतील मार्गदर्शन वर्गाच्या निमित्ताने नवीन जालन्याला येणे झाले, तेव्हा दहावीतील एका मुलीने विचारले, "ताई, भूल देणारा डॉक्टर वेगळा असतो का? ऑपरेशन करणारेच देतात ना इंजेक्शन?" मी उत्तर देण्यापूर्वीच मागच्या रांगेतील एका पालकांनी आपली शंका मांडली, "मॅडम, एवढी वर्षे शिकून भूलच द्यायची, तर मग सर्जनच का होऊ नये?" वर्गात हशा पिकला, मीही हसले. त्या दिवशी वेळ थोडा होता आणि दोन्ही प्रश्नांना मी अर्धीमुर्धी उत्तरे दिली. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा ती राहिलेली उत्तरे पूर्ण करावीत असे ठरविले.

शासकीय कागदोपत्री आमच्या विभागाचे नाव 'बधिरीकरणशास्त्र' असे असते. रुग्णालयाबाहेर मात्र सारे 'भूल' म्हणतात, आणि मला तोच शब्द अधिक आवडतो. मराठीत भूल म्हणजे चूकही आणि मोहिनीही. ज्या कामात पहिल्या अर्थाची भूल परवडत नाही, त्याच कामाला दुसऱ्या अर्थाचे हे नाव मिळाले आहे.

आपण नातेवाइकांना सांगतो, "त्यांना झोपेचे इंजेक्शन दिले आहे." हे सोयीचे असले तरी खरे नाही. झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो जागा होतो. भूल दिलेल्या माणसाच्या पोटावर सुरी चालते, तरी तो हलत नाही. झोपेत मेंदूचे काम ठरावीक टप्प्यांनी चालू असते. भुलेत मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतील परस्परसंवादच विस्कळीत होतो. ही अवस्था झोपेपेक्षा गाढ बेशुद्धीला अधिक जवळची आहे. फरक एवढाच की ती आपण मुद्दाम आणतो, मोजून मापून टिकवतो आणि परत फिरवतो.

शस्त्रक्रियागृहात काय घडते ते क्रमाने पाहू. रुग्ण टेबलावर आला की प्रथम त्याच्या तोंडावर मास्क ठेवून सुमारे तीन मिनिटे शुद्ध ऑक्सिजन दिला जातो. नातेवाइकांना वाटते की भुलेला सुरुवात झाली. प्रत्यक्षात ही शिदोरी बांधण्याची वेळ असते. आपण जी हवा घेतो तिच्यात ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, बाकी बहुतांश नायट्रोजन. फुप्फुसांत नेहमी अडीचेक लिटर हवा शिल्लक राहते. तिच्यातील नायट्रोजन काढून तेथे ऑक्सिजन भरला, तर श्वास थांबल्यावरही निरोगी प्रौढाच्या रक्तातील ऑक्सिजन सात-आठ मिनिटे टिकू शकतो. तसे न केल्यास ही मुदत जेमतेम मिनिटभराची असते. लठ्ठ व्यक्ती, गरोदर स्त्री आणि लहान मूल यांच्याकडे ही शिदोरी मुळातच तोकडी असते.

त्यानंतर शिरेतून प्रोपोफॉल हे दुधासारखे पांढरे औषध दिले जाते. हातातून मेंदूपर्यंत पोहोचायला त्याला अर्धे-पाऊण मिनिट लागते. मेंदूतील चेतापेशींना शांत करणारे 'गाबा' नावाचे एक नैसर्गिक रसायन असते. ते पेशीवरील आपल्या ग्राहकाला चिकटले की एक सूक्ष्म दार उघडते, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी संदेश पाठविण्यास नाखूश होते. प्रोपोफॉल त्या दाराची उघडझाप बदलते. दार अधिक वेळ उघडे राहते. लाखो पेशी अशा मंदावल्या की जाणीव मावळते. केटामीन हे दुसरे जुने औषध निराळ्याच वाटेने जाते. पेशींना उत्तेजित करणारा 'एनएमडीए' नावाचा ग्राहक ते बंद करते. त्यामुळे रुग्णाचे डोळे कधीकधी उघडे असतात, श्वासही बहुधा चालू राहतो, पण त्याला वेदना कळत नाहीत. जेथे यंत्रसामग्री अपुरी आहे तेथे या औषधाचे मोल फार मोठे आहे.

श्वासावाटे दिल्या जाणाऱ्या सेवोफ्लुरेनसारख्या भुलेचे गूढ अधिक जुने आहे. १८९९ च्या सुमारास हान्स मायर आणि चार्ल्स ओव्हरटन या दोघांना, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एक गंमतीशीर गोष्ट आढळली. जी औषधे ऑलिव्ह तेलात सहज विरघळतात, ती भूल देण्यास तितकीच प्रभावी असतात. त्यावरून पुढे अनेक दशके असे मानले गेले की ही द्रव्ये चेतापेशीच्या स्निग्ध आवरणात शिरून ते बिघडवतात. १९८४ मध्ये फ्रँक्स आणि लीब यांनी दाखविले की स्निग्ध पदार्थाचा मागमूस नसलेल्या, काजव्यातील एका प्रथिनावरही भुलेची द्रव्ये तशीच काम करतात. तेव्हापासून अभ्यासकांचे लक्ष प्रथिनांकडे वळले. पण जाणीव म्हणजे नेमके काय, हेच पूर्ण उलगडलेले नसल्याने ती कशी विझते याचे उत्तरही अपुरे आहे. रोज वापरत असलेल्या औषधाबद्दल असे म्हणणे विद्यार्थ्यांना विचित्र वाटेल, परंतु ज्यांना संशोधनाची ओढ आहे त्यांच्यासाठी हा विषय अजून मोकळा आहे.

आता खरा मुद्दा येतो. जाणीव गेली की श्वासही मंदावतो, बहुधा थांबतो. जीभ मागे पडते, घशाचा पहारा सुटतो. त्यात पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी स्नायू सैल करणारे औषध दिले जाते, तेव्हा श्वासाचे स्नायूही सैल होतात. त्या क्षणापासून रुग्णाचा श्वास ही भूलतज्ज्ञाची जबाबदारी होते. श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने किंवा हातातील पिशवीने तो चालवावा लागतो, आणि शस्त्रक्रिया संपल्यावर तो ज्याचा त्याला परत करावा लागतो. म्हणून भूलतज्ज्ञ इंजेक्शन देऊन निघून जात नाही. तो रुग्णाच्या उशाशी थांबतो. सर्जनने टाका घालताना एक मिनिट विसावा घेतला तर चालते, उशाशी बसलेल्याला ती सवड नसते.

या स्नायू सैल करणाऱ्या औषधांचे मूळ दक्षिण अमेरिकेतील आदिवासींच्या बाणावरच्या विषात, 'क्युरारे'त आहे. १९४२ मध्ये माँट्रियल येथे हॅरोल्ड ग्रिफिथ यांनी ते प्रथम भुलेच्या कामी लावले. चेतातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन सुटते आणि स्नायूला आकुंचनाचा निरोप मिळतो. क्युरारे निरोप घेणारी जागाच अडवून बसते. आपल्या भागातील वाचकांना हे दूरचे वाटू नये. नागाचे विष जवळपास हेच करते. मण्यारीचे विष पलीकडच्या बाजूने, म्हणजे निरोप पाठविणारे टोकच निकामी करून, तोच परिणाम साधते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते, चाव्याची खूणही धड दिसत नाही आणि पहाटे पापण्या उघडेनाशा होतात. हातपाय हलत नाहीत, श्वास थांबत येतो. नातेवाईक समजतात, संपले. पण त्या माणसाला आजूबाजूचे सारे ऐकू येत असते. सर्पविषविरोधी लस द्यायचीच. परंतु चेतातंतूची टोके पुन्हा कामाला लागेपर्यंत, कधी कित्येक दिवस, श्वास यंत्राने चालू ठेवला तर असा रुग्ण चालत घरी जातो. कपाशीवर फवारणी करताना किंवा निराशेच्या भरात पोटात गेलेले सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशक याच जागी उलट घोळ घालते. तेथे ॲसिटिलकोलिन साचून राहते, छातीत स्राव भरतो आणि अखेर श्वासाचे स्नायू थकतात. अशा रुग्णांच्या अतिदक्षता विभागाची धुरा अनेक ठिकाणी भूलतज्ज्ञांकडेच असते.

ही परंपराही जुनी आहे. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची भीषण साथ आली तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी शस्त्रक्रियागृहातील हाताने पिशवी दाबून श्वास देण्याची पद्धत वॉर्डात नेली. पुरेशी यंत्रे नव्हती, शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. आजचा अतिदक्षता विभाग त्यातून जन्मला.

पालकांना सर्वांत जवळची भूल म्हणजे सिझेरियनची, कमरेतून दिली जाणारी. तिच्याविषयी गैरसमजही सर्वांत जास्त. मज्जारज्जू प्रौढ माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो. सुई त्याच्या खाली, बहुधा तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या मध्ये, टोचली जाते. तेथे मज्जारज्जू नसतो. पाण्यासारख्या द्रवात फक्त चेतांचे धागे तरंगत असतात. सुईची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणि औषध, ब्युपिव्हाकेन, जेमतेम दोन मिलिलिटर. चेतातंतूतून संदेश वाहतो तो सोडियमचे कण आत शिरल्यामुळे. हे औषध सोडियमची दारे बंद करते. संदेश थांबतो, वेदना मेंदूपर्यंत पोहोचत नाही. आई जागी असते आणि बाळाचे पहिले रडणे स्वतः ऐकते. या भुलेत रक्तदाब एकदम उतरू शकतो. म्हणून सुई टोचल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटे फार डोळ्यांत तेल घालून काढावी लागतात. नंतर काही दिवस डोकेदुखी होऊ शकते, बारीक सुयांमुळे तिचे प्रमाण पुष्कळ घटले आहे. मात्र "सिझरच्या सुईने जन्माची कंबर गेली" ही जी तक्रार घरोघरी ऐकू येते, तिला अभ्यासांतून आधार मिळालेला नाही. बाळंतपणानंतरची कंबरदुखी नैसर्गिक प्रसूती झालेल्या स्त्रियांनाही होते. तिचे कारण सुईत शोधण्यापेक्षा आईच्या ताटात आणि तिच्या डोक्यावरच्या हंड्यात शोधलेले बरे.

श्वासाकडे पाहायचे की नाडीकडे, या प्रश्नावरचा एक मोठा वाद ज्या राज्यात रंगला, त्याच राज्यात तेव्हा आपले जालना होते. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी ईथरचे यशस्वी प्रात्यक्षिक केले आणि पुढील वर्षी एडिनबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणला. २८ जानेवारी १८४८ रोजी उत्तर इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म घेताच काही मिनिटांत मरण पावली. आपल्या नववी-दहावीतल्या मुलींच्या वयाची. तिचे हृदय आधी थांबले की श्वास, यावर डॉक्टरांत तट पडले. निजामाच्या हैदराबादेतील वैद्यकीय विद्यालयाचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे 'श्वास' पक्षाचे. श्वास नीट सांभाळला तर क्लोरोफॉर्मने मृत्यू येणारच नाही, असा त्यांचा ठाम दावा होता. १८८८ मध्ये पहिला हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग नेमला गेला. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने त्याच्या निष्कर्षावर शंका घेतली, तेव्हा निजाम सरकारने १,००० पौंड देऊ करून 'लॅन्सेट'च्याच प्रतिनिधीला बोलाविले. १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन हे नामवंत औषधशास्त्रज्ञ हैदराबादेस आले आणि दुसऱ्या आयोगाने शेकडो प्राण्यांवर प्रयोग केले. आज ते वर्णन वाचवत नाही. निष्कर्ष लॉरींच्या बाजूने लागला : आधी श्वास थांबतो, मग हृदय.

तो निष्कर्ष अर्धाच खरा होता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखविले की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना, भीतीने किंवा अन्य कारणाने शरीरात ॲड्रेनलिन वाढले, तर हृदयाची लय अचानक विस्कटून ते थांबू शकते. क्लोरोफॉर्म पुढे वापरातून गेले. माझ्या मते लॉरींचा दोष त्यांच्या निरीक्षणात नव्हता, हट्टात होता. श्वासावर नजर ठेवण्याची त्यांची शिस्त योग्यच होती. चूक झाली ती "म्हणून दुसरे काही घडूच शकत नाही" असे मानण्यात. आज आम्ही दोन्ही पाहतो. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर कोरोनाच्या काळात घरोघरी पोहोचले. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७० च्या दशकात त्यामागील तत्त्व शोधले. त्याच्या जोडीला हृदयाचा आलेख, रक्तदाब आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे कॅप्नोग्राफ असते. नळी श्वासनलिकेतच गेली आहे, अन्ननलिकेत नाही, याचा सर्वांत भरवशाचा पुरावा तेच देते.

याच लॉरींच्या विद्यालयात शिकलेल्या सुरुवातीच्या स्त्रियांपैकी एक होत्या रूपाबाई फर्दूनजी. हैदराबादच्या रुग्णालयांत त्यांनी क्लोरोफॉर्म देण्याचे काम केले. १९०९ च्या सुमारास अधिक शिकण्यासाठी त्या एडिनबरोला गेल्या. भारतातील, आणि काहींच्या मते जगातील, पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. भूलशास्त्राच्या परीक्षेसाठी मी जाडजूड ग्रंथ वाचले, पण आपल्याच जुन्या राज्यातील या बाईंचे नाव मला बऱ्याच उशिरा, आणि तेही योगायोगाने कळले.

आता वाटेविषयी. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र, मग नीट परीक्षा, एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि एक वर्ष आंतरवासिता. त्यानंतर नीट-पीजी देऊन तीन वर्षांचा एमडी किंवा डीएनबी अभ्यासक्रम. ज्यांना आणखी पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी हृदयशस्त्रक्रियेची भूल, अतिदक्षता, लहान मुलांची भूल असे तीन वर्षांचे डीएम अभ्यासक्रम आहेत. म्हणजे बारावीनंतर किमान साडेआठ वर्षे, आणि प्रवेशपरीक्षेसाठी मध्ये गेलेली वर्षे वेगळी. पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात विद्यावेतन मिळते, त्यामुळे घरावरचा भार तेथून हलका होतो. आमच्या पिढीला वैद्यकीय शिक्षणासाठी घाटीत, नाहीतर अंबाजोगाईला जावे लागे. २०२४ मध्ये जालन्यातच शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. आरक्षित प्रवर्गातील पालकांना एक कळकळीची सूचना : जात वैधता प्रमाणपत्र दहावी-अकरावीतच काढण्यास लागा. गुण असूनही केवळ या एका कागदासाठी धावाधाव करून रडकुंडीला आलेले पालक मी प्रवेशाच्या काळात पाहिले आहेत.

एमबीबीएस हा एकच दरवाजा आहे असे समजू नये. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या निमवैद्यकीय पदवी अभ्यासक्रमात भूलशास्त्र तंत्रज्ञ ही शाखा आहे; तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता. यंत्र तपासणे, औषधे व नळ्या सज्ज ठेवणे, संकटात डॉक्टरच्या बरोबरीने हात चालविणे हे तंत्रज्ञाचे काम. चांगला तंत्रज्ञ शेजारी असला की आमची निम्मी काळजी मिटते, हे मी अतिशयोक्ती न करता लिहिते.

"सर्जनच का होऊ नये?" या प्रश्नाचे उत्तर मी कोणाला पटवून देणार नाही. काही गोष्टी मात्र आधीच माहीत असाव्यात. रुग्ण बरा होऊन घरी जाताना पेढे सर्जनला देतो. आपले नावही त्याला ठाऊक नसते. रात्री दोन वाजता सिझेरियनसाठी फोन येतो, तेव्हा 'सकाळी पाहू' म्हणता येत नाही. कित्येक तास काहीच घडत नाही आणि मग दोन मिनिटांत सारे घडते. ज्याला कंटाळा सोसवत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये. उलट, ज्याला शांतपणे एकाच गोष्टीकडे पाहत राहता येते त्याच्यासाठी हे काम आहे. वसतिगृहात पहाटे श्वासाकडे लक्ष देऊन बसविले जाई, तेव्हा मी बहुधा डुलक्या घेत असे. ती सवय पुढे पोटापाण्याला लागेल असे कोणी सांगितले असते तर तेव्हा हसले असते.

आणि गरज आहे. भूलतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाने दर एक लाख लोकसंख्येमागे किमान पाच तज्ज्ञ असावेत असे उद्दिष्ट ठेवले आहे. भारत त्यापासून बराच मागे आहे आणि जे आहेत ते मोठ्या शहरांत एकवटले आहेत. तालुक्याच्या ठिकाणी शस्त्रक्रियागृह आहे, सर्जन आहे, पण भूल देणारे नाही म्हणून अडलेल्या बाईला रुग्णवाहिकेतून पुढे पाठवावे लागते. ही टंचाई इतकी तीव्र होती की एमबीबीएस डॉक्टरांना काही आठवड्यांचे जीवरक्षक भुलेचे प्रशिक्षण देण्याची योजना शासनाला काढावी लागली.

राहिला प्रश्न ज्यांना भूल द्यायची नाही, घ्यायची आहे त्यांचा. म्हणजे आपल्या सर्वांचा. मी शिकत असताना एका रुग्णालयात हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी एक काका आले होते. "सकाळपासून काही घेतले नाही," असे त्यांनीही सांगितले, घरच्यांनीही. भूल देताच उलटी झाली. आदल्या तासाभरात खाल्लेले पोहे त्यांच्या श्वासनलिकेत उतरले. चार दिवस ते श्वासयंत्रावर होते. वाचले. नंतर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "उपाशीपोटी माणूस कसा टिकंल, म्हणून मीच दिले." त्यांना दोष देणे माझ्या जिवावर आले. उपाशी का राहायचे, हे त्यांना आम्ही कोणीच समजावून सांगितले नव्हते, केवळ हुकूम दिला होता. भुलेत घशाचा पहारा सुटतो, पोटातले वर येऊन फुप्फुसात जाते; म्हणून हलके खाणे किमान सहा तास आधी थांबवायचे, तेलकट-मटणाचे जेवण आठ तास आधी. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, अंगावरचे दूध पिणाऱ्या बाळाला चार तास. दुधाचा चहा हा पाण्यात धरत नाहीत, ही गोष्ट आपल्याकडे मुद्दाम सांगावी लागते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कोणी डॉक्टर येऊन "तोंड मोठे उघडा, मान मागे करा" असे सांगतील, पाठीवरून हात फिरवतील, जिना चढताना दम लागतो का ते विचारतील. तेच तुमचे भूलतज्ज्ञ. त्यांच्यापासून तंबाखू, दारू, दमा, मिरगी, चालू असलेल्या गोळ्या, वैदूकडची पुडी, हलणारा दात, घरात कोणाला भुलेचा त्रास झाला असल्यास तो, यांतले काही लपवू नका. आणि जाताना त्यांचे नाव विचारून ठेवा.